आयत्या शब्दांची स्तुती: उपासनागीते रचणाऱ्यांना आणि निवडणाऱ्यांना खुले पत्र

प्रिय बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, गाणी लिहिणारे, त्यांना चाली लावणारे, रविवारची यादी ठरवणारे वर्शिप लीडर आणि ती यादी मंजूर करणारे पाळक, अशा सगळ्यांना मी हे पत्र लिहितो आहे. मी तुमच्यातलाच आहे. वीसेक वर्षं गिटार गळ्यात अडकवून मंडळीपुढे उभा राहतो, अधूनमधून गाणी लिहितो, त्यातली काही गायली जातात. पुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्या गाण्यांचाही समावेश आहे, हे आधीच सांगतो.

मागे एकदा सरावाच्या वेळी मी एक प्रयोग केला. आम्ही त्या महिन्यात गात असलेल्या चार गाण्यांची कडवी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिली, चिठ्ठ्या मिसळल्या आणि टीमला म्हटलं, चाल मनात न आणता नुसते शब्द वाचा आणि कोणतं कडवं कोणत्या गाण्याचं ते लावा. वादळ, लाटा, तुटणाऱ्या बेड्या, हलणारे डोंगर, पेटता अग्नी, तुझी कृपा पुरेशी, तुझ्यासारखा कोणी नाही. सगळे बराच वेळ चिठ्ठ्या पुढेमागे करत राहिले. एकालाही चारही गाणी बरोबर लावता आली नाहीत. त्या चारांत एक गाणं माझं होतं, आणि त्याचं दुसरं कडवं मीच दुसऱ्या गाण्याखाली ठेवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या कडव्यांत खोटं काही नव्हतं. प्रत्येक ओळीला शास्त्रात आधार होता. पण एकही ओळ कोणी काही पाहून, काही सोसून, शब्द शोधत बसून लिहिलेली वाटत नव्हती. शब्द आयते हाताशी होते, तेवढे उचलून मांडले होते. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे: आयत्या शब्दांनी केलेली स्तुती चुकीची नसते, पण ती लिहिताना लिहिणाऱ्याने ना देवाकडे नीट पाहिलेलं असतं, ना समोर बसलेल्या माणसांकडे.

शब्दांचं जे झालं तेच चालींचं. सी, जी, ए मायनर, एफ. चार कॉर्ड, त्याच क्रमाने किंवा थोडे फिरवून. या चार कॉर्डांवर माझा राग नाही, ते कानाला गोड लागतात म्हणूनच टिकले. पण त्यांच्याबरोबर सगळा साचाच येतो. सुरुवातीला कीबोर्डच्या पॅडवर पुटपुटल्यासारखं पहिलं कडवं, दुसऱ्या कडव्याला ड्रम, ध्रुवपदाला आवाज एकदम वरच्या सप्तकात, मग ब्रिज, म्हणजे कडवं आणि ध्रुवपद यांहून वेगळ्या चालीचा मधला तुकडा, तो चारदा, आठदा, प्रत्येक वेळी ड्रम चढत जाणार, मग अचानक सगळी वाद्यं थांबणार, नुसते आवाज, आणि शेवटी पुन्हा सगळं एकदम. मंडळीतल्या लहान मुलांनासुद्धा कळतं की आता हात वर करायची वेळ आली. साच्याला माणसं प्रतिसाद देतात यात नवल नाही, शरीर त्याला सरावलेलं असतं. पण तो प्रतिसाद आत्म्याचं काम आहे की ड्रमचं, हे आपण प्रामाणिकपणे विचारतो का?

त्यात एक अगदी व्यवहारातली गोष्ट. सर्वसाधारण माणसाचा गळा एका सप्तकाहून थोडा जास्त आरामात फिरतो. आपण गाणं बांधतो ते रेकॉर्डिंग करणाऱ्या तयार गळ्यासाठी. पहिलं कडवं इतकं खाली की अर्ध्या बायकांना तो स्वर मिळत नाही, ध्रुवपद इतकं वर की पुरुष गप्प होतात. मग मंडळी ऐकत उभी राहते. कधी आपला आवाज ऐकण्यासाठी कानात घातलेले इन-इअर काढून, वाद्यं थांबवून ऐका, समोरून किती आवाज येतो ते.

आता बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. नवे गीत गा, ही आज्ञा तिथे पुन्हा पुन्हा येते: स्तोत्र ३३, ९६, ९८, १४९. तेहतिसाव्या स्तोत्रात तर त्याच वचनात कुशलतेने वाजवा असंही म्हटलं आहे. म्हणजे नवेपण आणि कौशल्य ही जोडी शास्त्रानेच जुळवलेली आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, ते प्रवचनासाठी नव्हे. सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं बसवायला, लाकडावर कोरीव काम करायला. हाताच्या कारागिरीसाठी आत्मा दिला जातो हे वाचून आपण पुढे जातो आणि आपल्या गाण्यांना मात्र म्हणतो, भावना खरी असली की झालं.

स्तोत्रकर्ता किती बारीक पाहतो ते बघा. चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात परमेश्वराच्या वेदीजवळ चिमणीला घर मिळालं आहे, निळवीने पिलं ठेवायला घरटं केलं आहे. ज्याला मंदिरापर्यंत पोचता येत नाही असा माणूस त्या पाखरांचा हेवा करतो. छप्पन्नाव्यात आसवं बुधलीत साठवायची विनंती आहे. एकशे एकोणिसाव्यात कवी स्वतःला धुरात टांगलेल्या कातडी बुधल्यासारखा म्हणतो, सुकलेला, सुरकुतलेला. हे शब्द कुठल्या यादीतून आलेले नाहीत. कोणीतरी तो बुधला चुलीवर लटकताना पाहिला होता आणि दुःखाच्या दिवशी त्याला तो आठवला.

आणि हाच एकशे एकोणिसावा! एकशे शहात्तर वचनं, हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांचे बावीस गट, प्रत्येक गटात आठ वचनं, आणि त्या आठांची सुरुवात एकाच अक्षराने. इतकी कडक बांधणी स्वतःवर लादून घेऊन कोणीतरी देवाच्या नियमशास्त्रावरचं प्रेम लिहिलं. भक्तीला मेहनतीचं वावडं आहे असं मानणाऱ्यांनी एकदा हे स्तोत्र बसून मोजावं.

पुनरावृत्तीविरुद्धही मी बोलत नाही. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात त्याची दया सनातन आहे हे सव्वीस वेळा येतं. पण प्रत्येक वेळी त्याच्या आधी नवी ओळ आहे: सूर्य, चंद्र, तारे, दुभंगलेला समुद्र, रान, राजे, आणि शेवटी सर्व देहधाऱ्यांना अन्न. पुन्हा येणारी ओळ तीच, पण दर वेळी तिच्यात आधीपेक्षा जास्त काही भरलेलं असतं. आपल्या ब्रिजमध्ये आठव्या वेळी फक्त आवाज वाढलेला असतो.

मी हे सगळं चालींच्या आवडीनिवडीसाठी लिहिलं नसतं. एका रविवारामुळे लिहितो आहे.

आमच्या मंडळीतल्या एका जोडप्याचं बाळ पोटातच गेलं. आठवा महिना होता. पुढच्या रविवारी ती दोघं आली, तिसऱ्या रांगेत बसली. गाण्यांची यादी आधीच ठरलेली होती, चारही गाणी विजयाची. मला ती बदलता आली असती. मी बदलली नाही, कारण बदलून गायचं काय, हे मला सुचेना. आमच्या शंभरावर गाण्यांच्या फाइलमध्ये त्या दोघांना गाता येईल असं एकही गाणं मला आठवलं नाही. मी गात होतो आणि माझं लक्ष पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरलेल्या तिच्या हातांकडे जात होतं. ओठ मिटलेले. उपासना संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, गाणी चांगली होती. पण मला आज गाता आलं नाही. त्यात मला उभं राहायला जागाच नव्हती."

दीडशे स्तोत्रांपैकी निदान एक-तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार हा आहे. देवाने आपल्या लोकांच्या गीतसंग्रहात ते तसंच ठेवलं. आपल्या संग्रहात दुःख फक्त पहिल्या कडव्यापुरतं येतं, ध्रुवपदाला पोचेपर्यंत ते आवरून घ्यावं लागतं. सर्जनशीलता म्हटल्यावर आपल्याला नवे आवाज, नवे ताल, नवी वाद्यं आठवतात. मला आधी ही माणसं आठवतात, ज्यांच्यासाठी अजून गाणंच लिहिलेलं नाही. आजारी माणूस आहे, ज्याची प्रार्थना ऐकली गेली नाही तो आहे. क्षमा करायची आहे पण होत नाही असा माणूस आहे. बेकार तरुण आहे, म्हातारपणी एकट्या पडलेल्या आजी आहेत. कामावर जाताना मनाला टोचणारी तडजोड करणारा आहे. मौलिकता शोधायला आणखी कुठे जायची गरज नाही, ती आपल्याच बाकांवर बसलेली आहे.

मौलिकता म्हणजे जुनं टाकून देणं, असा गैरसमज मात्र नको. उपासनेच्या संगीतात उसनं घेणं फार जुनं आहे. काही स्तोत्रांच्या मथळ्यांत 'पहाटेची हरिणी', 'नाश करू नको' असे शब्द येतात. ती त्या काळच्या ओळखीच्या चालींची नावं असावीत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. १६०१ साली हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकाराने एक प्रेमगीत छापलं, प्रेमात गोंधळलेल्या मनाचं. त्याच शतकात ती चाल काट्यांचा मुकुट घातलेल्या प्रभूच्या जखमी मस्तकावरच्या गीताला लागली. पुढे थोर संगीतकार बाखने मत्तयाच्या शुभवर्तमानावर आधारित आपल्या दुःखसहन-संगीतात ती पाच वेळा घेतली. चाल तीच, पण तिच्याखालचे स्वर बदलत जातात. येशू प्राण सोडतो त्यानंतर ती शेवटची येते, तेव्हा ओळखीच्या चालीखालची जमीनच सरकल्यासारखी वाटते, इतके ते स्वर काळोखे आहेत. चाल दुसऱ्याची होती, पण त्या क्षणी काय घडलं आहे हे बाखने ऐकलं होतं. उसनं घेणं आणि नक्कल करणं यांत फरक आहे तो इथे.

१५२३ च्या अखेरीस जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मित्राला पत्र लिहून जर्मन भाषेत स्तोत्रं रचणारे कवी हवे आहेत असं कळवलं. दरबारी, नवनवे शब्द नकोत, सामान्य माणसाला कळतील असे साधे शब्द हवेत, हेही सांगितलं. नुसतं सांगून थांबला नाही; पुढच्याच वर्षी आठ गीतांची छोटी पुस्तिका निघाली, त्यातली चार त्याची स्वतःची. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉट्सला तरुणपणी मंडळीतली रुक्ष पद्यं सहन होईनात. वडील म्हणाले, मग तूच चांगलं लिहून दाखव, असं सांगतात. १७०७ मध्ये त्याचा गीतसंग्रह आला आणि इंग्रजी मंडळ्यांचं गाणं बदललं. आपल्या भाषेत ना. वा. टिळकांनी अभंग आणि ओवी हातात घेतली आणि ख्रिस्ताशी त्याच लयीत बोलले, ज्या लयीत त्यांचं मन लहानपणापासून घडलं होतं. या तिघांचे मार्ग वेगळे होते, पण तिघांनीही आपल्या माणसांच्या जिभेवर काय बसेल याकडे कान दिला. परक्या गाण्याचा साचा जसाच्या तसा उचलला नाही.

आज परिस्थिती अशी आहे की जगभरच्या मंडळ्या गातात काय, हे फार थोड्या ठिकाणी ठरतं. १९८८ पासून सीसीएलआय ही संस्था मंडळ्यांना गाणी वापरण्याचे परवाने देते आणि कोणती गाणी जास्त गायली जातात याच्या याद्या काढते. २०१० ते २०२० या काळात अशा याद्यांत वर पोचलेल्या ३८ गाण्यांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ३६ गाणी बेथेल, हिलसाँग, एलेव्हेशन आणि पॅशन या चार मोठ्या मंडळ्यांशी जोडलेली निघाली. त्या मंडळ्यांतली बरीच गाणी मीही प्रेमाने गातो. पण चार ठिकाणच्या माणसांचे अनुभव, त्यांच्या सभागृहांचा आकार, त्यांच्या स्टुडिओचा आवाज, हेच सगळ्या जगाच्या भक्तीचं माप होऊ लागलं तर कुठेतरी चुकतं आहे. यादीत आहे म्हणून आपण गातो, आपण गातो म्हणून ते यादीत राहतं. गीतकारही मग त्या यादीत बसेल असंच लिहू लागतो. २०१५ मध्ये नायजेरियाच्या सिनाच या गायिकेचं एक गाणं बाहेर पडलं आणि काही वर्षांत ते कित्येक भाषांत गायलं जाऊ लागलं. वेगळ्या मातीतलं गाणं मंडळ्या मनापासून उचलतात, हे त्यावरून दिसतं. अट एवढीच की कोणीतरी ते आधी लिहायला हवं आणि कोणीतरी ते गायला हवं.

तुमच्यातले काही म्हणतील, उपासना म्हणजे मैफल नव्हे. लोकांना ओळखीचं गाणं हवं असतं, दर रविवारी नवं शिकवत बसलो तर लक्ष गाण्याकडे जातं, देवाकडे नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. ज्या गाण्यात रचणाऱ्याची हुशारी आधी दिसते ते मंडळीसाठी नाही. विचित्र ताल, अवघड शब्द, कोड्यासारखी रूपकं म्हणजे मौलिकता नव्हे. चांगलं उपासनागीत पहिल्यांदा ऐकतानाच, हे तर मला म्हणायचंच होतं, असं वाटायला लावतं. पण असं वाटावं म्हणून रचणाऱ्याने तेवढं खोल जावं लागतं. ओळखीचं आणि घासून गुळगुळीत झालेलं, या दोन गोष्टी एक नाहीत.

म्हणून गीतकारांना माझी विनंती आहे की गाणं पूर्ण झालं असं वाटलं की चाल बाजूला ठेवून शब्द मोठ्याने वाचा, घरातल्या कोणासमोर तरी. जी ओळ वाचताना जीभ आपोआप पुढे सरकते, ती बहुतेक तुमची नसते. पहिलं सुचलेलं यमक सहसा हजारदा वापरलेलं असतं, ते खोडा. दुसरंही खोडा. वेळ लागेल, लागू द्या. बाख आपल्या कितीतरी रचनांच्या शेवटी 'केवळ देवाला गौरव' या अर्थाची तीन लॅटिन अक्षरं लिहीत असे, पण त्याआधी तो रचनेवर राबलेला असे. आपण ती अक्षरं आधी लिहितो आणि राबायचं राहून जातं.

पाळकांनो, तुम्ही प्रवचनासाठी आठवडाभर तयारी करता. मंडळी प्रवचन विसरते, गाणं घरी नेते, भांडी घासताना गुणगुणते, मरणाच्या खाटेवर आठवते. मग गाण्याचे शब्द तुम्ही तितक्याच काळजीने वाचता का? पौल कलस्सैकरांस लिहितो तेव्हा स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक प्रबंध यांनी एकमेकांना शिकवण्याविषयी बोलतो. गाणं हे शिकवणंच आहे. तुमच्या मंडळीत कोणी लिहीत असेल तर त्याला बोलवा, कविता कच्ची असेल तर तसं प्रेमाने सांगा, पुन्हा लिहायला सांगा. "छान आहे, प्रभूसाठी केलंय ना" हे वाक्य ऐकून कितीतरी होतकरू माणसं जिथल्या तिथे थांबलेली मी पाहिली आहेत. वर्शिप लीडरांनो, वर्षातून काही रविवार तरी यादी आपल्याच माणसांच्या गाण्यांसाठी मोकळी ठेवा. ती फसतील. वॉट्सचीही सगळी गाणी काही आज कोणी गात नाही.

त्या रविवारनंतर मी तेराव्या स्तोत्रापाशी बसलो. त्यात 'किती वेळ' हा प्रश्न चार वेळा येतो. मी पहिल्यांदा चाल बांधली ती सवयीने: प्रत्येक 'किती वेळ' आधीच्यापेक्षा वर, चौथा सर्वांत उंच. गाऊन पाहिलं. तो आक्रोश नव्हता, ते ध्रुवपदाकडे नेणारं चढण होतं. सगळं पुसलं. मग तीनही वेळा तेच तीन स्वर ठेवले, जसा माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, आणि चौथ्याला चाल वर न नेता खाली उतरवली, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत. ड्रम नाही, पॅड नाही, एक गिटार. शेवटची दोन वचनं विश्वासाची आहेत, पण तिथेही मी आवाज वाढवला नाही. एवढ्या एका छोट्या चालीला मला दोन महिने लागले.

आम्ही ते गायलो तेव्हा ती तिसऱ्या रांगेतच होती. पहिले तीन प्रश्न ती ऐकत राहिली. चौथ्याला, जिथे चाल खाली उतरते, तिथे ती गायली.

गेल्या महिन्यात तिने मला वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या. बाळासाठी शिवलेल्या आणि कधी न घातलेल्या झबल्याबद्दल, आणि ते झबलं हातात घेऊन केलेल्या प्रार्थनेबद्दल. यमक नाही, मात्रा कुठेच जुळत नाहीत, पण एकही शब्द आयता नाही. मी अजून त्याला चाल लावू शकलेलो नाही. तिसऱ्या ओळीपाशी अडलो आहे, तिथे 'तुझं' हा शब्द बाळासाठी आहे की प्रभूसाठी, ते तिलाच विचारायचं आहे. शनिवारी सरावाआधी ती येणार आहे. तुमच्याकडेही कोणाच्या वहीत असं पान असेल तर त्या माणसाला बोलवा, आणि जे होईल ते मला कळवा.

प्रभूच्या सेवेतील तुमचा बंधू,
एक गीतगायक